गुरगुरण्याचे मोल

घरात लहान मूल असावे आणि त्याच्या सोबतीला एखादे लहानसे श्वान असावे, हे दृश्य आपल्या समाजातील घरांनाही आता अनोळखी राहिलेले नाही. एके काळी वाड्याच्या उंबरठ्याबाहेर ज्याच्यासाठी शेवटची पोळी काढून ठेवली जात असे, तो प्राणी आज सदनिकेच्या दिवाणखान्यात, मुलांच्या खेळण्यांच्या शेजारी येऊन बसला आहे. उंबरठा ओलांडून तो आत आला, तेव्हा त्याच्याबरोबर काही नव्या जबाबदाऱ्याही आत आल्या. त्या साऱ्यांच्याच ध्यानात येतात असे नाही. नागपूरच्या मिहान परिसरातील एका कुटुंबाच्या ध्यानात त्या कशा आल्या, त्याची ही हकीकत.

इतवारीच्या बाजारपेठेत या कुटुंबाचे किराणा आणि सुकामेव्याचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. दुकानामागच्या जुन्या वाड्यातच सारे राहत. पुढे मुलगा अभियंता झाला, मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील एका कंपनीत नोकरीस लागला आणि खापरीजवळच्या एका निवासी संकुलात त्याने घर घेतले. विमानतळाच्या दक्षिणेचा हा प्रदेश वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावांच्या शिवारांचा होता. आज तेथे संगणक कंपन्या आहेत, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय आहे, व्यवस्थापन संस्था आहे आणि मेट्रोची गाडी थेट खापरीपर्यंत येते. घरातील वडीलधारे, ज्यांना सारे आबा म्हणतात, नातवंडांच्या ओढीने आजींसह तेथे राहावयास गेले. सकाळी देवदर्शन आणि स्वाध्याय आटोपून आबा मेट्रोने निघत, सीताबर्डीला गाडी बदलून अग्रसेन चौकात उतरत आणि दुकान गाठत. सूर्यास्तापूर्वी भोजनास घरी येण्याचा नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही.

सात वर्षांच्या नातीच्या हट्टापुढे अखेर घर नमले आणि एका दिवाळीनंतर पांढऱ्याशुभ्र पॉमेरेनियन जातीचे, वर्षाच्या आतले श्वान घरी आले. वजन जेमतेम चार किलो. नातीने त्याचे नाव ठेवले कापूस. आजींनी एकच अट घातली : स्वयंपाकघर आणि देवघर यांची मर्यादा त्याने ओलांडावयाची नाही. अट मान्य झाली. त्याच्या बाजूनेही काही अटी असू शकतात, हा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही.

नातू तीन वर्षांचा. त्याच्या दृष्टीने कापूस हे हलणारे, ऊबदार खेळणे होते. तो त्याची शेपटी ओढी, त्याच्या ताटलीत हात घाली, तो निजला असता त्याच्यावर आडवा पडे. हिवाळ्यात एके दिवशी कापूस ताटलीवर मान घालून खात असताना नातवाने मागून त्याला मिठी मारली, तेव्हा तो प्रथमच गुरगुरला. आबांनी हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीवर दोन फटके दिले. "लेकरावर गुरगुरतोस?" असे त्यांनी दरडावले. हाच प्रसंग आणखी तीन-चार वेळा घडला आणि दर वेळी शिक्षाही तीच झाली. महिनाभरात कापूस गुरगुरेनासा झाला. नातू अंगावर पडला तरी तो मुकाट पडून राही. फार तर जांभई देई, ओठ चाटी, मान दुसरीकडे वळवी. "किती शहाणा झाला पाहा," असे आबा येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने सांगत. घरातील साऱ्यांनाच ते पटले होते.

मग मे महिना आला. नागपूरचा मे म्हणजे काय, हे नागपूरकरांस सांगणे नलगे. पारा ४५ अंशांच्या आसपास, रस्त्याचे डांबर पायाला चटका देणारे. माणूस बाहेर पडत नाही, तेथे अनवाणी श्वानाने कोठे जावे? शाळेला सुट्टी, त्यामुळे दुपारभर दोन्ही मुले, आबा, आजी आणि कापूस असे सारे वातानुकूलित खोलीत, दार लावून. त्या रविवारी दुपारी आबा आरामखुर्चीत वाचता वाचता पेंगले. कापूस पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत निजला होता. नातू रांगत त्या बोळात शिरला आणि त्याने त्याचे तोंड दोन्ही हातांनी धरून आपल्या गालाशी नेले. पुढे भिंत, मागे मूल, दार बंद. क्षणार्धात किंकाळी उठली. नातवाच्या डाव्या गालावर, डोळ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर, दाताच्या खुणा उमटल्या होत्या आणि त्यांतून रक्त वाहत होते.

आजी हळदीच्या डब्याकडे धावल्या. सूनबाईंनी त्यांना थांबविले. "आई, काहीही लावायचं नाही. आधी धुवायचं." त्यांनी मुलाला न्हाणीघरात नेले, जखमेला साबण लावला आणि नळाच्या धारेखाली ती धूत राहिल्या, घड्याळ पाहून पूर्ण पंधरा मिनिटे. ज्या घरात पाणी तुपासारखे वापरावे ही शिकवण, जेथे ठिबकणारा नळही कोणाला पाहवत नाही, तेथे पाव तास नळ वाहत राहिला आणि कोणी 'बंद कर' असे म्हटले नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरून मेंदूच्या दिशेने जातो. साबण आणि वाहते पाणी त्याला जखमेतच मोठ्या प्रमाणात नष्ट करतात. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेवर भरल्यास हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार वाया जातो.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला : "कुत्र्याला लस दिली आहे का?" मुलाने भ्रमणध्वनीवर लसपत्रिकेचे छायाचित्र मागविले. लस दिलेली होती. परंतु वार्षिक मात्रा जानेवारीत देय होती आणि आता मे संपत आला होता. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची तारीख ज्या घरात कधी चुकली नाही, उधारीचा हप्ता एक दिवस लांबला तरी जेथे वहीत खूण होते, तेथे ही एक तारीख चार महिने उलटून गेली होती. कारण ती कोणाच्याही वहीत नव्हती.

जखम रक्ताळलेली आणि तीही चेहऱ्यावर. अशा जखमेस वैद्यकशास्त्र सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. केवळ लस पुरत नाही. कारण लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही दिवस लागतात. तोवरच्या रक्षणासाठी तयार प्रतिपिंडांचे औषध थेट जखमेत आणि तिच्या भोवताली टोचावे लागते. तीन वर्षांच्या मुलाच्या गालात सुई टोचली जात असताना त्याचे हात धरून ठेवण्याचे काम आबांच्या वाट्यास आले. त्यानंतर लशीचे वेळापत्रक मिळाले : पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा. काही ठिकाणी लस स्नायूऐवजी त्वचेत देतात, तेव्हा दिवसांचा हिशेब थोडा निराळा असतो. मात्र डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवावयाची नाही, हा नियम दोहोंतही सारखाच.

दुसरी सूचना अशी, की श्वानावर दहा दिवस लक्ष ठेवावे. चावते वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर त्या मुदतीत त्याची लक्षणे दिसल्यावाचून राहत नाहीत. ते दहा दिवस घराने कसे काढले, ते घरच जाणे. कापूस नीट खातो का, पाणी पितो का, हे पाहण्यासाठी आबा रात्री दोन-दोनदा उठत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की त्यावर जवळजवळ कोणताही इलाज चालत नाही. परंतु चावल्यानंतर वेळेवर लस मिळाली, तर तोच रोग टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लशीची पहिली मात्रा जोसेफ मायस्टर याला दिली गेली. तोही नऊ वर्षांचा बालक होता आणि त्यालाही श्वानानेच चावले होते. तो वाचला. तेव्हापासून हा मार्ग जगाला खुला आहे. तरीही पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. मूल उंचीने लहान, त्याचे तोंड श्वानाच्या तोंडाशी येते. म्हणून त्याच्या जखमाही बहुधा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात, जेथून मेंदू जवळ असतो.

दहा दिवस सुखरूप पार पडले. परंतु आबांचे मन शांत होईना. "हा प्राणी घरात नको. खेड्यावर कोणाकडे तरी देऊन टाका," असे ते म्हणू लागले. सूनबाईंनी विरोध केला नाही. एवढेच म्हणाल्या, "बाबा, आधी एकदा डॉक्टरांना दाखवू. मग तुम्ही म्हणाल तसं."

पशुवैद्यांनी कापसाला तपासले. खालच्या दाढेपाशी हिरडी सुजलेली होती. लहान जातींच्या श्वानांत दातांचे विकार फार आढळतात. नातवाने ज्या जागी दोन्ही हातांनी धरले, नेमकी तीच जागा दुखरी होती. मग त्यांनी विचारले, "चावण्यापूर्वी गुरगुरला होता का?"

"नाही," आबा म्हणाले. "पूर्वी गुरगुरायचा. आम्ही ती सवय मोडली."

"कशी मोडली?"

आबांनी सांगितले. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काका, गुरगुरणं ही त्याची सवय नव्हती, ती त्याची सूचना होती. तुम्ही त्याचा राग काढून घेतला नाहीत, फक्त त्याचा आवाज काढून घेतलात."

शेजारी उभी असलेली नात तेव्हा हळूच बोलली, "आबा, त्या दिवशी त्याने दोनदा तोंड फिरवलं होतं. ओठपण चाटले होते. मला वाटलं, त्याला झोप आलीय."

व्यवहारातला माणूस हे लगेच समजू शकतो. बँक थकीत कर्जदारावर एकाएकी जप्ती आणीत नाही. आधी स्मरणपत्र येते, मग नोटीस येते. नोटीस कटू वाटते, परंतु सावध होण्याची संधी तीच देते. नोटीस आणणाऱ्यालाच मारून पिटाळले, म्हणून कर्ज फिटत नाही. श्वानाचीही अशीच पायरी-पायरीची भाषा असते. तो मान वळवितो, झोप नसता जांभई देतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्यांच्या कडांचे पांढरे दाखवितो. इतके करूनही समोरचा थांबला नाही, तर गुरगुरतो. गुरगुरणे ही चाव्यापूर्वीची शेवटची नोटीस असते. ती द्यावयास बंदी केली, की उरतो तो थेट चावा.

आबांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट ताडून पाहिली. इतवारीच्या वाड्यासमोर आयुष्यभर गल्लीतली कुत्री होती, मुलेही होती. मग असे प्रसंग त्यांच्या आठवणीत इतके थोडे का? कारण वाड्यापुढच्या श्वानाला मूल नकोसे झाले, तर तो उठून चालू लागे. त्याच्यासाठी सारी गल्ली मोकळी होती. सदनिकेत त्याला तशी वाट नाही. त्यातून तो चार किलोंचा. मोठा श्वान नुसता उभा राहिला तरी मूल बिचकते. लहान श्वानाचा नकार कोणी मोजतच नाही. बोलण्याची बंदी आणि निघून जाण्याची वाट बंद, अशा दोन्ही बाजूंनी एका जिवाला आपण कोंडले, हे आबांना उमगले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार ते वर्षानुवर्षे पाठशाळेत शिकवीत आले होते : जिवाला बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ते गाडीच्या बैलाविषयीच आहेत, असे त्यांना आजवर वाटे. श्वानाला कोठेही पाठविण्याचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही.

मग घराची मांडणी बदलली. कापसाची दाढ प्रथम बरी करून घेतली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, मेजाखाली, त्याची गादी मांडली. मुलाला तेथे जाता येऊ नये, परंतु कापसाला केव्हाही तेथे जाता यावे आणि तेथून निघताही यावे, अशी ती जागा. तो तेथे असला, की त्याला कोणीही हाक मारावयाची नाही, हात लावावयाचा नाही, हा नियम पाहुण्यांच्या मुलांनाही लागू झाला. खोलीच्या दाराला कमरेएवढी जाळीची फळी बसविली. त्यामुळे उन्हाळ्यातही दोघांना वेगळे ठेवता येऊ लागले. कापसाचे खाणे घरच्या भोजनाआधी, गॅलरीत, दार लावून. ताटली रिकामी झाल्यावरच दार उघडावयाचे.

खाण्याचा विचारही नव्याने झाला. श्वान शाकाहारावर राहू शकतो; मात्र केवळ दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही. पुरेशी प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार मिळतील असा आहार पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावा लागतो. कांदा-लसूण श्वानास विषासमान; या घरात ते शिजतच नसल्याने ती चिंता नव्हती. परंतु मनुका, बेदाणे आणि द्राक्षे यांनी श्वानाची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे ऐकून सुकामेव्याचा तीन पिढ्यांचा व्यापारी थक्क झाला. नातवाच्या मुठीतून दररोज जमिनीवर सांडणारे बेदाणे कोणाच्या पोटात जात होते? त्या दिवसापासून मुलांचा खाऊ मेजावर बसून खाण्याचा नेम झाला. चॉकलेटही त्याच यादीत गेले. लहान मुलापासून लहान श्वानालाही जपावे लागते, याचे हे एक उदाहरण. दुसरे असे, की पॉमेरेनियनच्या पुढच्या पायांची हाडे इतकी बारीक असतात, की मुलाच्या हातातून किंवा पलंगावरून पडूनही ती मोडू शकतात. म्हणून मुलांनी त्याला उचलावयाचे नाही. आपण जमिनीवर बसावयाचे, त्याला बोलवावयाचे. आला तर मानेजवळ थोडा वेळ कुरवाळावयाचे आणि हात थांबवावयाचा. त्याने स्वतः जवळ सरकून आणखी मागितले, तरच पुढे. न आला, तर ते त्याचे उत्तर समजावयाचे.

सर्वांत मोठा नियम मात्र थोरांसाठी होता. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकटा कितीही प्रामाणिक असला, तरी तिजोरी एकट्याने उघडत नाही. त्यात कोणाचा अपमान नसतो, ती केवळ रीत असते. तसेच येथे. मूल गुणी आहे, श्वान गरीब आहे, हे दोन्ही खरे असले तरी जागे आणि लक्ष असलेले मोठे माणूस तेथे नसेल, तर दोघे एका खोलीत असता कामा नयेत. पेंगणारे आबा किंवा भ्रमणध्वनीत मान घातलेली आई, ही हजेरी धरावयाची नाही.

भाद्रपदात पर्युषण आले. क्षमावाणीच्या दिवशी आबांनी नेहमीप्रमाणे आप्तेष्टांना, अडत्यांना, जुन्या गिऱ्हाइकांना दूरध्वनी करून क्षमा मागितली. सायंकाळी ते मेजापाशी, गादीपासून दोन हात दूर, जमिनीवर बसलेले आजींनी पाहिले. ते काही बोलत नव्हते. बऱ्याच वेळाने कापूस आपण होऊन बाहेर आला आणि त्यांच्या पावलापाशी बसला.

दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाले. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आबांनी स्वतःच्या अक्षरात एक खाते उघडले. रेबीज लस, वार्षिक मात्रा, तिची तारीख, इतर लसी, जंतांचे औषध, दातांची तपासणी. जंतांच्या औषधाची ओळ मुलांसाठी आहे, हेही त्यांनी नातीला समजाविले. श्वानाच्या विष्ठेतून पसरणाऱ्या जंतांची अंडी न धुतलेल्या हातांवाटे मुलांच्या पोटात जातात. म्हणून खेळून झाल्यावर हात धुणे हाही त्याच खात्यातला व्यवहार.

कार्तिकातल्या एका सकाळी नातू चेंडूच्या मागे धावत मेजापर्यंत गेला आणि चेंडू काढण्यासाठी त्याने खाली हात घातला. सूनबाई तीन पावलांवर होत्या. मेजाखालून एक बारीक, घोगरा आवाज आला. कापूस गुरगुरत होता, कित्येक महिन्यांनी प्रथमच.

आबा वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी ते खाली ठेवले. त्याची गुंडाळी केली नाही. सूनबाई पुढे झाल्या, परंतु त्याआधीच नातवाने हात मागे घेतला होता. गालावरच्या पुसट खुणेला त्याने एकदा बोट लावले आणि वळून म्हणाला, "आबा, त्याला एकटं बसायचंय."

"हो रे बेटा," आबा म्हणाले. "आपण त्याला बसू देऊ. चेंडू मागाहून घेऊ."

आणि आत स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आजींना एखादी शुभवार्ता सांगावी तसे सांगितले, "अहो, ऐकलंत का? कापूस आज बोलला."